गंजू द्यायची घार

२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

या पत्राबरोबर टेम्पोतून एक घार येतेय. घाबरू नका, चावत नाही. पोलादाची आहे. पंख पसरलेले आहेत, माझे दोन्ही हात ताणले तरी तिच्या पंखांना पुरत नाहीत. खांबाच्या टोकाला बेअरिंग घातलंय, त्यामुळे वारा आला की आपली आपण फिरते. दादाच्या पलंगासमोर बागेकडची खिडकी आहे ना, तिच्या समोरच, चार पावलांवर बसवायला सांगितलंय. बरोबरची माणसं खड्डा खणतील, सिमेंट भरतील, बोल्ट आवळतील. तुम्ही फक्त जागा दाखवा आणि चहा द्या. आमचं बसवलेलं वादळातसुद्धा हलत नाही.

आता पुढचं नीट वाचा. घार येईल तेव्हा काळपट राखाडी असेल. ती गंजणार आहे. गंजू द्या. हे पोलाद साध्या लोखंडासारखं नाही. याच्यावर गंजाची एकदा साय धरली की ती सायच आतल्या पत्र्याला सांभाळते. मग रंग नको, तेल नको, काही नको. रोज सकाळी पाइपने पाणी मारायचं, उन्हात खडखडीत वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. हळूहळू अशी तांबूस तपकिरी होईल की रस्त्यावरचे लोक थांबून बघतील. सुरुवातीला तांबडे ओघळ येतील. फरशीवर उतरले तर माझ्या नावाने बोटं मोडा.

मी स्वतःच येणार होतो, पण एका हॉटेलच्या बागेचं काम मानगुटीवर बसलंय. फोन करू नका. ग्राइंडरने माझ्या कानांची वाट लावलीय. अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. त्यापेक्षा पत्र बरं.

दादा काही बोलला का? अर्धांगाच्या झटक्यानंतर हॉस्पिटलातून आल्यापासून दिवसभर खिडकीकडे बघत पडून असतो असं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. बस स्टँडवर गाड्या पुकारताना माईक बंद पडला तरी त्याच्या आवाजावर गाड्या सुटायच्या, आणि तो माणूस असा. मला दुसरं काय येतं? बघतच पडायचं असेल तर बघण्यासारखं काही असावं, म्हणून ही घार.

तुमचा बारका दीर


१९ फेब्रुवारी

भाऊजी, आशीर्वाद.

घार पोचली, बसली आणि फिरलीसुद्धा. पण आधी महत्त्वाचं सांगते, नाहीतर माझं मेलीचं पाल्हाळ सुरू व्हायचं. तुमचे दादा ओरडले.

झालं असं. तुमच्या माणसांनी शेवटचा बोल्ट आवळला आणि नेमका वारा सुटला. घार गर्रकन वळली. तिची सावली खिडकीतून आत आली, पलंगावरून सरकत भिंतीवर गेली. मी स्वयंपाकघरात होते. पलंगाच्या कठड्यावर धाडधाड आवाज आला म्हणून डाव हातात घेऊनच धावले. बघते तर यांनी डावा हात उचललेला. भाऊजी, घरी आणल्यापासून हे बोटही हलवत नव्हते. तो हात कठड्यावर आपटत होते आणि तोंडाने "आ, आ" चालू होतं. डोळ्यांतून पाणी. मीही तिथेच डाव घेऊन रडत बसले.

व्यायाम घ्यायला बाई येते ना, तिला सांगितलं. ती म्हणाली, हसू दे, रडू दे, चिडू दे, काहीही करू दे, प्रतिसाद हवा होता तो आला. मला म्हणाली, हेच चालू ठेवा. यांना अजून हो आणि नाही यातलं काही जमत नाही. हो म्हणायचं असलं तरी आ, नाही म्हणायचं असलं तरी आ. पण आवाज आहे, हे काय थोडं झालं?

आता मी रोज सकाळी घारीला अंघोळ घालते. शेजारचे काका कुंपणावरून विचारतात, काय हो, किती वाढली? इतके दिवस यांना बघायला काय होतं, तर खिडकीच्या कट्ट्यावरची दाण्यांची ताटली आणि तिथला चिमण्यांचा भांडखोर बाजार. आता काहीतरी दमदार आहे समोर. तुमचे उपकार म्हणणार नाही, तुम्हाला राग येईल. पण वेळ काढून एकदा या. तुम्हाला बघून आणखी काय करतील कोण जाणे.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मी कारखान्यात उभ्यानेच वाचलं. मग वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला आणि वेल्डिंग न करताच बसून राहिलो. कामगारांना वाटलं मालकाला चक्कर आली.

मला ठाऊकच होतं. डॉक्टर गोळ्या देतात, पण दादाला आतून हलवायला आपलं माणूस लागतं. दोन बगळे पाठवतोय. एक मान वर करून उभा, एक पाण्यात चोच घातलेला. घारीच्या अलीकडे, खिडकीच्या आणखी जवळ बसवा. खिडकीतून पाय दिसले पाहिजेत, पायांवर मी फार मेहनत घेतलीय. त्यांनाही पाणी मारा. सकाळी घारीबरोबर एकाच फटक्यात होऊन जाईल.

येतो, नक्की येतो. हॉटेलवाल्याने आता हंस वाढवून मागितलेत. तेवढे संपले की आलोच.

तुमचा बारका दीर


२१ मार्च

भाऊजी, आशीर्वाद.

बगळे उभे राहिले. पाय दिसतात. यांचा आवाज आता दिवसातून बऱ्याचदा येतो. सकाळी पडदा बाजूला केला की सुरू. डावा हात खिडकीकडे करून पंजा असा हलवतात, जसं कुणाला बोलवावं. मी म्हणते, अहो, पोलादाचे आहेत, आत कसे येतील? की आणखी चिडल्यासारखे करतात. व्यायामवाली बाई खूश आहे. हात खांद्यापर्यंत जायला लागला म्हणाली.

आता एक वाईट बातमी, रागावू नका. मी यांना घेऊन तपासणीला गेले होते. घर काकांवर सोपवलं होतं. काका पडले निवृत्त. त्यांना रिकामं बसवत नाही, आणि शेजाऱ्याचं भलं करायची भारी हौस. आल्यावर बघते तर डावीकडचा बगळा लख्ख. चांदीच्या भांड्यासारखा. काकांनी दुपारभर पॉलिश पेपरने घासून त्याचा सगळा गंज काढला होता आणि वर खोबरेल तेलाचा हात फिरवला होता. घामाघूम होऊन मला म्हणतात, तुमच्या दिरांनी माल हलका लावला हो, आत्ताच गंजला. त्यांच्या तोंडाकडे बघून मी आधी चहाच टाकला. आता काय करू ते कळवा.

आणि भाऊजी, हंस झाले का? तुम्ही येण्याचं लिहिलंत तसं मी यांना सांगून ठेवलंय. काही कळलं की नाही देव जाणे, पण सांगितलंय.

वहिनी


३० मार्च

वहिनी, नमस्कार.

काकांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, तुमचे हात काही दिवस बांधून ठेवा. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते यासाठीच. साय धरत आली होती हो! आता तेल साबणाने धुऊन काढा, स्वच्छ वाळवा, आणि पहिल्यापासून पाणी मारायला घ्या. महिनाभर एक बगळा तांबडा आणि एक पांढुरका दिसेल. कुणी विचारलं तर नवरा-बायको आहेत म्हणून सांगा.

दादा बोलवतो म्हणालात ना, ते वाचून मला चैन पडेना. त्याला जवळून बघायचं असणार. म्हणून खास त्याच्यासाठी घुबड केलंय. हे खांबावरचं नाही, थेट खिडकीच्या कट्ट्याशेजारी भिंतीला बोल्टने बसवायचं. डोळे आरपार कापलेत. मागून ऊन आलं की दोन्ही डोळे पेटल्यासारखे दिसतात. पलंगावरून हात लांब केला तर पोचेल इतकं जवळ.

माझी कंबर धरलीय, लांबचा प्रवास झेपणार नाही म्हणतात. उतार पडला की निघतोच.

तुमचा बारका दीर


६ मे

भाऊजी, आशीर्वाद.

लिहायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. घुबड बसवलं त्या दिवशी यांनी इतका आवाज केला की काका धावत आले. संध्याकाळपर्यंत घसा बसला. मी तुम्हाला लगेच लिहिणार होते की बघा, कसे खूश झाले. पण दुसऱ्या दिवसापासून हळूहळू शांत होत गेले. मला वाटलं, बरं झालं, जीव स्थिरावला. झोपही लागायला लागली. मीही बऱ्याच दिवसांनी शिवणाचं मशीन काढलं आणि यांच्या उशाशी बसून रखडलेले ब्लाऊज पुरे केले.

आता मात्र उलटंच झालंय. हे बोलत नाहीत म्हणजे आ सुद्धा करत नाहीत. मी खिडकीकडे तोंड करून निजवते, तर डाव्या हाताने कठडा धरून कसेबसे भिंतीकडे वळतात. तेवढी ताकद आहे, पण ती तेवढ्यासाठीच वापरतात. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटतात. दोन घास जातात, तेही माझे डोळे भरले की. डॉक्टर म्हणाले, निराशा येते अशा आजारात, एक गोळी वाढवू. व्यायामवाली म्हणते, हात परत खाली आला.

मी एकटीने रेटलं सगळं, कुणापुढे हात पसरले नाहीत. पण आता जमत नाहीये. हे असेच भिंतीकडे बघत संपून जातील असं वाटतं. तुम्ही या. नवीन काही बनवायला बसू नका, नुसते या. यांनी लहानपणापासून तुम्हाला खांद्यावर वागवलंय, तुमचा चेहरा बघून तरी वळतील.

वहिनी


१४ मे

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून रात्री जेवलो नाही. पण धीर सोडू नका. आजारात असं खालीवर होतंच. दादा हट्टी आहे, लहानपणीही रुसला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. वळेल.

मी निघणारच होतो, पण नेमका एक फळबागवाला दारात येऊन बसला. मागच्या वर्षी त्याने माझ्याकडून दोन घारी नेल्या होत्या. मी समजत होतो माणूस रसिक आहे. तर तो म्हणतो, मालक, तुमच्या घारी लावल्यापासून माझ्या बागेत एक पाखरू फिरकत नाही, सगळं फळ शाबूत, आणखी पाच द्या आणि दोन घुबडं पण द्या. घ्या! मी रात्रंदिवस पिसं कापतोय आणि हा त्यांचं बुजगावणं करतोय. कारखान्यातले सगळे हसून लोळले. तुम्हीही हसाल म्हणून लिहितोय. त्याला घाई आहे, त्यामुळे आठवडाभर तरी हलता येणार नाही.

दादासाठी मोर करू का? पिसारा मिटलेला, शांत. घुबड जरा उग्र झालं असेल कदाचित. तुम्ही हो म्हणा, मी लगेच पत्रा कापायला घेतो.

तुमचा बारका दीर


१८ मे

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी हसले नाही. ते तसंच मशीनवर ठेवलं आणि बाहेर बागेत गेले.

खिडकीच्या कट्ट्यावर दाण्यांची ताटली होती. मी रोज सवयीने त्यात मूठभर दाणे टाकते. टाकते आणि मागे फिरते, बघते कुठे? ताटली काठोकाठ भरलेली होती. खालच्या दाण्यांना पाणी लागून बुरशी धरली होती, वर घुबडाच्या गंजाचे तांबडे ठिपके. एकही दाणा टिपलेला नाही. मी आठवायचा प्रयत्न केला, चिमण्या शेवटच्या कधी ओरडल्या होत्या. आठवेना. त्या कधी बंद झाल्या ते माझ्या लक्षातच आलं नाही, भाऊजी. मी घारीला पाणी मारण्यात गुंग होते.

हे हॉस्पिटलातून आले तेव्हा त्या चिमण्यांसाठी पहाटे जागे व्हायचे. त्यातली एक बिनशेपटीची होती, ती आली की यांच्या ओठांची एक कड वर जायची. मी ते बघून कामाला लागायचे. मग तुमची घार आली, हे ओरडले आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे हात हलवून सांगत होते, काढा ते, काढा. मी समजले, बोलवतायत. तुम्ही समजलात, जवळून बघायचंय. म्हणून आपण जवळ आणखी दोन उभे केले, आणि तरी हे ओरडतायत म्हणून शेवटी थेट तोंडाशी घुबड ठोकलं. बिचाऱ्या माणसाने आणखी किती ओरडायचं? थकले आणि भिंतीकडे वळले.

मी यांच्याजवळ बसून विचारलं, हेच ना हो? चिमण्या ना? भिंतीकडेच बघत राहिले. मला हो मिळालं नाही, नाही पण मिळालं नाही.

काका बिचारे करवत घेऊन आले. दुपारभर घासली, खांबाला नखाएवढा ओरखडा पडला. बोल्ट गंजून एकजीव झालेत, पाना फिरत नाही. तुम्ही लिहिलं होतंत, वादळातसुद्धा हलणार नाही. नाही हलत. मी चारही पक्ष्यांवर जुन्या चादरी बांधल्या. वाऱ्याने चादरी फडफडल्या आणि मग तर कुणी कावळाही येईना. एक चादर फाटली, तिच्यातून घुबडाचा डोळा तेवढा बाहेर आला. शेवटी मीच सगळ्या ओढून काढल्या आणि अंगणात बसून रडले.

भाऊजी, मोर नको. माणसं आणि कापायचं यंत्र घेऊन या. स्वतः या.

वहिनी


२३ मे

वहिनी,

काय लिहू? सोमवारी माणसं येतील, कटर घेऊन. मुळापासून कापतील. फरशी सांभाळायला सांगितलंय, ठिणग्या उडतील तेव्हा खिडकी बंद ठेवा, दादाला घाबरवू नका. मला जमलं तर मी बघतो.

बारका


५ जून

भाऊजी, आशीर्वाद.

तुमची माणसं येऊन काम करून गेली. चांगली आहेत, आवाज फार करत नाहीत. यांच्या कानांत मी कापूस घातला आणि कापाकापी होईपर्यंत हात धरून बसले. घार उतरवताना त्यांनी ती माणसाला उचलावी तशी खांद्यावर घेतली. खांबांचे बुडखे तेवढे जमिनीत राहिलेत, ते सिमेंट फोडल्याशिवाय निघणार नाहीत म्हणाले. राहू देत.

दोघांना चहा दिला. टेम्पोत तिसरा कोण बसलाय विचारलं तर म्हणाले, ड्रायव्हर आहे, उतरत नाही. मी त्यालाही पाठवला. ऊन रणरणत होतं, आणि बिचारा काचा वर करून बसलेला.

चिमण्या आल्या नाहीत. ताटली घासून नवे दाणे घातले, पाणी बदललं, मी खिडकीपासून लांबही राहते. पाखरं एकदा घाबरली की जागा सोडून जातात म्हणे. कुठे गेली असतील, कुणाला विचारू? हे अजून भिंतीकडेच. वजन उतरलंय, कूस बदलताना हाताला हाडं लागतात. डॉक्टर नळीने भरवायचं बोलायला लागलेत. परत झटका आला तर काही खरं नाही, असंही म्हणाले. मी मान डोलावली आणि औषधं घेऊन घरी आले.

तुमच्यावर माझा राग नाही, हे लक्षात ठेवा. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, त्यात मीही होते. पण तुम्ही अजून आला नाहीत, त्याचा आहे.

वहिनी


२ जुलै

वहिनी,

इतके दिवस पत्र नाही याबद्दल काही सबब देत नाही. सबबी संपल्या. हॉटेलचे हंस मार्चमध्येच गेले होते. कंबर माझी ठणठणीत आहे.

टेम्पोत बसलेला तो मी होतो.

घरून निघताना ठरवलं होतं, की माझ्या हाताने बसवलेलं नाही पण माझ्या हाताने कापीन, मग आत जाऊन दादाच्या पाया पडेन. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि टेम्पो तिथेच थांबवला. माणसांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. मग तुमचं फाटक उघडलं, तुम्ही बाहेर आलात. किती वाळलात हो वहिनी. मी काच वर केली. तिथून खिडकी दिसत होती, पलंगाची कड दिसत होती आणि पांघरुणाखाली काहीतरी लहानसं. तो दादा आहे हे मला कळायला वेळ लागला. तुमचा चहा प्यायलो. कप परत जायचा होता म्हणून. आणि पोरांनी घार आणून मागे ठेवली तशी त्यांना म्हटलं, चला.

मला येववत नाही. खरं कारण एवढंच आहे. दादा म्हणजे मला आवाज. शाळेतून येताना स्टँडवर पोचलो की वरच्या भोंग्यातून गाड्यांच्या घोषणांमधेच तो म्हणायचा, बारक्या, डबा खाल्लास का, आणि अख्खं स्टँड हसायचं. कान गेले तरी तो आवाज मला ऐकू यायचा. आता आत येऊन तोंड हलणारा पण न बोलणारा दादा बघायचा, त्याला काही सांगायचं आणि त्याने काय सांगितलं ते आपण समजायचं नाही, हे मी करू शकत नाही. पत्रा कापता येतो, म्हणून पत्रा कापून पाठवत राहिलो. त्याचं मी काय करून ठेवलं ते बघितलंत ना? घार कारखान्याच्या कोपऱ्यात उलटी ठेवलीय. फळबागवाल्याने मागितली, दिली नाही.

काहीतरी सांगा करायला. कट्ट्यावर छप्पर घालू का, चिमण्यांसाठी लाकडी घरटी करू का, लोखंड अजिबात नाही वापरणार. पलंग खालीवर करायचं यंत्र करून देऊ? काय पाठवू ते सांगा, एका दिवसात पाठवतो.

बारका


९ जुलै

भाऊजी, आशीर्वाद.

तुमचं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. टेम्पोसकट सगळं. तो तुमचा दादा आहे, त्याला कळायला हवं असं मला वाटलं. डोळे उघडे होते, एवढं सांगते. ऐकलं असणार.

मागच्या आठवड्यात काकांनी आणि मी मिळून पलंग फिरवला. आता भिंत पाठीशी आहे, वळले तरी खिडकीकडेच वळतात. जबरदस्ती केली म्हणा हवं तर. मला दुसरं काही सुचलं नाही.

परवा सकाळी चिमणी आली. आधी खांबाच्या बुडख्यावर बसली, मग कट्ट्यावर. बिनशेपटीची नव्हती, दुसरीच कुठली तरी. इकडेतिकडे बघून एक दाणा उचलला. मी मशीनवर बसले होते, पायही हलवला नाही. यांनी बघितलं. डावा हात उचलला, कठड्यावर आपटला आणि आ म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलं. चिमणी अर्थातच उडून गेली.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं आणि मग यांच्या तोंडाकडे बघून गप्प झाले. घार बसवली त्या दिवशी हाच हात होता, हाच आवाज होता, असंच पाणी होतं. त्यात आणि ह्यात मला तिळमात्र फरक दिसला नाही. मग आपण ते पक्षी कापून नेले ते बरोबर केलं का? की घार यांना आवडली होती आणि दुखत होतं भलतंच काही, ते आपण विचारलंच नाही? कुणास ठाऊक. पूर्वी मी निदान चुकीचा अर्थ तरी लावत होते. आता लावतच नाही. घास भरवते, कूस बदलते, आ म्हणाले की हो म्हणते. काल त्या हो वर पाच-सहा घास गेले. आज एकही नाही.

तुम्ही विचारलंत काय पाठवू. काही पाठवू नका. घरटी नकोत, छप्पर नको. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात, ते या खेपेला विसरा. रिकाम्या हाताने या, आणि गल्लीच्या तोंडाशी थांबू नका. तुम्हाला ओळखतील की नाही ते मी सांगू शकत नाही. आ म्हणतील. त्याचा अर्थ मला विचारू नका.

आणि पलंगाच्या डाव्या बाजूला बसा. उजवीकडचं यांना कळत नाही.

वहिनी